मीटरच्या पलीकडचा अंमल

दिल्लीच्या जुन्या तटबंदीबाहेर, कश्मीरी दरवाजाच्या वायव्येस, अरवलीची जी खडकाळ सोंड यमुनेच्या अंगाला उतरत जाते, तिच्या माथ्यावर महानगरपालिकेचे एक मोठे रुग्णालय उभे आहे. आणि त्याच्या पाट्यांवर, बसच्या थांब्यांवर व रिक्षावाल्यांच्या तोंडी अहोरात्र एका मराठा सरदाराचे नाव वावरत असते, ही गोष्ट दिल्लीत सारी हयात काढलेल्या कित्येक मराठी कुटुंबांनाही कोणी सांगितल्याखेरीज उमगत नाही. हा सरदार म्हणजे हिंदूराव, कागलकर घाटग्यांच्या कुळातला, म्हणजे ज्या कुळात पुढे यशवंतराव घाटगे जन्मले आणि कोल्हापूरच्या गादीवर दत्तक जाऊन शाहू महाराज झाले, त्याच कुळातला. पुण्यातील सावकार-सरदारांना १७९८ साली ज्याने जुलूम-जबरदस्तीने नागवले तो सर्जेराव घाटगे त्याचा बाप, आणि त्याच वर्षी दौलतराव शिंद्यांशी जिचा विवाह झाला ती बायजाबाई त्याची बहीण. दौलतरावांच्या पश्चात ग्वाल्हेरचा कारभार करणाऱ्या बायजाबाईंना १८३३ साली गादी सोडून बाहेर पडावे लागले. त्या उलथापालथीनंतर हिंदूरावाने दिल्लीस बस्तान बसविले, आणि ज्या घरात ते बसविले त्या घराचा पूर्वेतिहासही रक्तरंजितच होता.

हे घर कंपनी सरकारचा दिल्लीतील बडा अंमलदार विल्यम फ्रेझर याचे. २२ मार्च १८३५ रोजी संध्याकाळी तो घराकडे परतत असता त्याच्यावर गोळी झाडण्यात आली आणि तो जागीच गतप्राण झाला. त्या खुनाच्या आरोपावरून फिरोजपूर झिरक्याच्या नवाब शम्सुद्दिनाला त्याच वर्षी दिल्लीत जाहीर फाशी देण्यात आली. पुढे हे घर हिंदूरावाकडे आले आणि १८५५ साली त्याचा अंत होईपर्यंत त्याचेच राहिले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५७च्या उन्हाळ्यात, इंग्रजांनी दिल्लीस वेढा घातला असता, शहराच्या तटावरून येणारे तोफगोळे झेलीत सिरमूर पलटणीचे गुरखे, मेजर चार्ल्स रीड याच्या हुकमतीखाली, याच घराच्या आसऱ्याने जूनपासून सप्टेंबरपर्यंत ठाण मांडून राहिले. पलटणीच्या ४९० माणसांपैकी ३२७ जण या वेढ्यात मेले वा जखमी झाले, तेव्हा 'हिंदूरावाचे घर' हे शब्द इंग्रजांच्या युद्धवृत्तांतांत कायमचे जाऊन बसले. घराजवळ फिरोजशहा तुघलकाने मेरठेहून आणवलेला अशोकस्तंभ आहे. अठराव्या शतकात दारूच्या स्फोटाने त्याचे पाच तुकडे झाले होते, ते १८६७ साली पुन्हा एकावर एक चढविण्यात आले. टेकडीच्या दक्षिणेस, पहाडी धीरज आणि सदर बाजार यांच्या शेजारी जी दाट वस्ती आहे, तीही याच सरदाराच्या नावाने 'बाडा हिंदूराव' म्हणून ओळखली जाते. टेकडीवरचे प्रशस्त घर आणि टेकडीखालचा हा गजबजलेला बाडा या दोन ठिकाणांच्या मध्ये दिल्लीच्या घरगुती प्रकाशाचा इतिहास आखून दाखविता येतो, आणि त्या इतिहासातला एक भाग असा आहे की जो कोणत्याही दप्तरात लिहिलेला सापडत नाही.

हिंदूरावाच्या काळी मोठ्या घरचा उजेड ही माणसांची आणि तेलाची बाब होती. मराठी सरदारांच्या अठरा कारखान्यांपैकी फरासखान्याकडे तंबू, बिछायती यांच्याबरोबर दिव्यांच्या सरंजामाचीही तजवीज असे. समया, शमादाने, हंड्या, झुंबरे घासूनपुसून ठेवणे, वाती वळणे, तेल मोजून देणे, मिरवणुकीपुढे दिवट्या धरणे, यांसाठी दिवटे आणि मशालजी तैनात असत. या व्यवस्थेत खर्च अफाट होता आणि धूरही पुष्कळ होता, परंतु तिचा एक गुण असा की अतिरेक डोळ्यांना दिसत असे. एका दिवाणखान्यात शंभर दिवे लावावयाचे म्हटले की शंभर दिव्यांचे तेल कोठीतून मोजून बाहेर येई, ते भरणारे हात वाढत, आणि कारभाऱ्याच्या वहीत त्याची नोंद पडे. जेथे उधळपट्टी चाले तेथे ती कारभाऱ्याच्या आणि धन्याच्या नजरेसमोरच चाले. तेल संपले की दिवा विझे. परंतु एका दिव्याने तेल अधिक प्यायले म्हणून शेजारची भिंत पेटली, असे कधी घडत नसे. उजेडाच्या मागणीचा भार आणि त्या भाराचा धोका या दोन गोष्टी एकमेकींपासून दूर जाऊन एक घराच्या छतावर आणि दुसरी भिंतीच्या पोटात बसली, ती विजेच्या आगमनाने.

दिल्लीस वीज प्रथम दिसली ती राजेशाही थाटात. कर्झनसाहेबाच्या १९०३च्या दरबारासाठी शहराच्या उत्तरेस तंबूंचे जे नगर वसविण्यात आले, त्यातील मुख्य छावणीत विजेचे दिवे लखलखले आणि पाहणाऱ्यांचे डोळे दिपले. त्याच वर्षी हिंदुस्थानचा वीज कायदा झाला. त्या कायद्याखाली परवाना मिळवून जॉन फ्लेमिंग नावाच्या इंग्रज कंपनीने १९०५ साली लाहोरी दरवाजापाशी डिझेलवर चालणारे दोन मेगावॉटचे छोटेखानी वीजघर उभारले. ही कंपनी पुढे दिल्ली इलेक्ट्रिसिटी सप्लाय अँड ट्रॅक्शन कंपनी झाली. १९०८ साली ट्राम सुरू झाली आणि ती चांदणी चौकातून सदर बाजार व सब्जी मंडईपर्यंत, म्हणजे बाड्याच्या वेशीपर्यंत, धावू लागली. १९११ साली वाफेवर चालणाऱ्या वीजनिर्मितीची भर पडली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पंचम जॉर्ज बादशहाने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविल्याचे जाहीर केले आणि नवी दिल्ली बांधून पुरी होईपर्यंतची जवळजवळ वीस वर्षे सरकारचा मुक्काम याच टेकडीच्या पायथ्याशी, सिव्हिल लाइन्समध्ये पडला. हिंदूरावाच्या जागी रुग्णालय सुरू झाले तेही याच सुमारास. टेकडीवर आणि तिच्या पूर्वेला साहेबलोकांचे बंगले, दफ्तरे, रुग्णालय अशी प्रशस्त व नियमबद्ध वस्ती असल्याने तेथे वीज ऐसपैस आली. टेकडीखाली मात्र ती अरुंद गल्ल्यांतून, एका घराच्या सज्जावरून दुसऱ्या घराच्या कठड्याला बांधलेल्या तारांतून, वाट काढीत काढीत आली.

पुरवठ्याच्या मालकीचा इतिहास तपशीलवार नोंदलेला आहे. १९३९ साली दिल्ली सेंट्रल इलेक्ट्रिसिटी पॉवर ऑथॉरिटी स्थापन झाली आणि शहराच्या म्युनिसिपालट्या, सिव्हिल लाइन्स, लाल किल्ला, मेहरौली अशा अनेक हद्दी तिच्या अंमलाखाली आल्या. १९४७ साली तिने जुन्या खाजगी कंपनीचा ताबा घेतला. १९५१ साली राज्य वीज मंडळ आले. आणि १९५७च्या महानगरपालिका कायद्यानंतर ते मंडळ बरखास्त होऊन १९५८ साली 'देसू' हा महानगरपालिकेचा विद्युत उपक्रम जन्मास आला. हिंदूरावाच्या टेकडीवरील रुग्णालय चालविणारी संस्था आणि हिंदूरावाच्या बाड्यात मीटर बसविणारी संस्था त्यामुळे काही दशके एकच होती. १९९७ साली देसूच्या जागी दिल्ली विद्युत बोर्ड आले, आणि १ जुलै २००२ रोजी वितरण खाजगी कंपन्यांच्या हाती सोपविल्यावर उत्तर दिल्लीचे वितरण टाटांच्या कंपनीकडे गेले. शंभर वर्षांच्या आत इतके धनी बदलले. प्रत्येकाने आपला शिक्का उमटविला, आपले मीटर लावले, आपली पावती फाडली. परंतु या सर्वांचा अंमल एका ठिकाणी येऊन थांबत असे, आणि ते ठिकाण म्हणजे घराच्या दारालगत लाकडी फळीवर बसविलेले मीटर व त्याच्या शेजारचा, शिशाच्या मोहोरेने बंद केलेला कंपनीचा कट-आऊट. त्याच्या पलीकडे घरमालकाची हद्द सुरू होई, आणि त्या हद्दीत पुरवठादाराने नेमलेला एकही माणूस नसे. तेथे तैनात असे ती केवळ एक बारीक तार.

त्या तारेचे कर्तृत्व समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. तारेतून प्रवाह गेला की ती तापते आणि ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियम जेम्स जूलने १८४१ साली मांडला. त्याचा अर्थ असा की प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते आणि तिप्पट झाला तर नऊपट. ज्या तारेच्या उष्णतेतून एडिसनने आणि त्याआधी इंग्लंडात जोसेफ स्वानने दिवा पेटविला, तीच उष्णता भिंतीतल्या तारेत निर्माण झाली तर घर पेटेल, हे ओळखून विजेच्या दिव्यांच्या अगदी आरंभीच्या काळातच वाटेत मुद्दाम एक दुबळा दुवा, म्हणजे फ्यूज, ठेवण्याची युक्ती निघाली. तो दुवा सर्वांत आधी वितळावा, जळावा, आणि आपल्या मरणाने पुढची वाट तोडावी. दिल्लीच्या, मुंबईच्या, पुण्याच्या घरांत हा दुवा पांढऱ्या चिनी मातीच्या 'किटकॅट'मध्ये बसविलेला असे. वरचा भाग हाताने ओढून काढावयाचा, त्याच्या दोन पितळी जिभांच्या मध्ये कल्हई केलेल्या तांब्याची तार गुंडाळून पेच आवळावयाचे, आणि तो परत खोबणीत दाबावयाचा. पाच अँपिअरसाठी सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीची तार, पंधरा अँपिअरसाठी सुमारे ०.५ मिलिमीटर. या दोन जाड्यांतला फरक बोटांना जेमतेम कळतो, आणि घराघरांतल्या पुष्कळशा अनर्थांचा उगम या जेमतेमपणात आहे.

घरातील तारांची रचनाही त्या काळी एका हिशेबाने ठरलेली होती. दिव्यांच्या एका शाखेवर दिवे, पंखे आणि पाच अँपिअरचे प्लग मिळून दहाहून अधिक ठिकाणे नसावीत आणि एकूण भार ८०० वॉटच्या वर जाऊ नये, हा दंडक भारतीय मानकांत नमूद आहे. हिशेब करताना दिव्याला ६० वॉट, पंख्याला ६० आणि छोट्या प्लगला १०० धरीत. ८०० वॉट म्हणजे २३० व्होल्टच्या दाबावर साडेतीन अँपिअरच्या आसपास. पाच अँपिअरच्या तारेला हे ओझे सहज पेलते. इस्त्री, हीटर, पाणी तापविण्याचे यंत्र यांसाठी पंधरा अँपिअरची शाखा निराळी. देशातील अनेक शहरांत या दोन वापरांचे दरही निराळे असल्यामुळे 'लाइटचे मीटर' आणि 'पॉवरचे मीटर' अशी दोन मीटरे दारात शेजारी शेजारी लटकत, आणि बिलाच्या भीतीने का होईना, घरातल्या कर्त्या माणसाला दिवा कोणत्या वाटेने जळतो आणि शेगडी कोणत्या वाटेने, हे पक्के ठाऊक असे. पुढे दर एक झाले, मीटर एक झाले, आणि जकातीची चौकी उठल्यावर दोन परगण्यांतली सरहद्द जशी लोकांच्या स्मरणातून जाते, तशी ही सरहद्दही गेली.

तारा आधी लाकडी पट्टीच्या आत, झाकणपट्टीखाली, जोडीने जात. नंतर सागवानी बॅटनवर पत्र्याच्या क्लिपांनी बसविलेल्या रबरी तारा आल्या. त्यानंतर पीव्हीसीचे वेष्टन आणि भिंतीत गाडलेल्या नळ्या. जुने वायरमन तारेला 'तीन-बावीस' म्हणत, म्हणजे बावीस गेजच्या तीन सळ्या एकत्र. तांब्याची टंचाई आणि महागाई जाणवू लागल्यावर अॅल्युमिनियमच्या तारा आल्या; त्या स्वस्त खऱ्या, पण पेचाखाली दाबल्या की हळूहळू चेपतात, हवेने त्यांच्यावर गंज चढतो, सांधा सैल होतो आणि तेथेच तापू लागतो. असा सांधा भार न वाढताही तापतो, प्रवाह वाढलेला नसल्याने फ्यूजला त्याचा पत्ता लागत नाही, आणि घरच्यांना कळते ते जळक्या रबराचा वास आल्यावर. जुन्या घरांत आणखी एक घातक प्रथा होती, फेजवर आणि न्यूट्रलवर दोन्हीकडे फ्यूज घालण्याची. न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला तर दिवा विझे, लोक समजत की वीज गेली, आणि होल्डरमध्ये हात घालीत. होल्डर मात्र जिवंतच असे. न्यूट्रलच्या जागी नुसती अखंड पट्टी असावी हा नियम त्या अनुभवांनंतर रूढ झाला.

अशा या व्यवस्थेवर मोठ्या वॉटचे दिवे येऊन आदळले. १९५९ साली अमेरिकेत हॅलोजन दिवा निघाला. आपल्याकडे काही दशकांनी, मांडव, दुकाने, जागरणे आणि लग्नाच्या वराती यांच्या निमित्ताने, ५०० आणि १००० वॉटच्या हॅलोजन नळ्यांचे पत्र्याचे खोके सर्रास दिसू लागले. दिल्लीत असा माल विकत घेण्याचे ठिकाण म्हणजे चांदणी चौकातला भगीरथ पॅलेस. हेही एका ऐतिहासिक व्यक्तीचे घर, सरधन्याच्या बेगम समरूचे. हिंदूरावाच्या घराचे रुग्णालय झाले, समरू बेगमेच्या घराभोवती दिव्यांचा आणि तारांचा देशातला एक मोठा ठोक बाजार भरला, आणि २०२२च्या नोव्हेंबरात त्या बाजारालाच मोठी आग लागून कित्येक दुकाने खाक झाली. एका ५०० वॉटच्या हॅलोजनला २३० व्होल्टवर दोन अँपिअरहून किंचित अधिक प्रवाह लागतो. असे चार लावले की एकटे त्यांचेच ओझे पावणेनऊ अँपिअर होते, म्हणजे दहा ठिकाणांच्या संपूर्ण शाखेस जेवढे मंजूर होते त्याच्या अडीचपट.

बाड्यासारख्या वस्तीतल्या घराची रचना ज्याने पाहिली आहे त्याला पुढचा प्रसंग डोळ्यांसमोर आणण्यास अडचण पडणार नाही. तळमजल्यावर दुकान वा कारखाना, वर दोन मजले राहते घर, त्यावर गच्ची. घरात लग्न, गच्चीवर मांडव, आणि मांडवातल्या चार हॅलोजनची तार जिन्यातून खाली येऊन वरच्या मजल्यावरच्या खोलीतल्या पाच अँपिअरच्या प्लगमध्ये खोचलेली. त्या शाखेवर आधीच दोन नळीदिवे, दोन पंखे आणि टीव्ही असे सव्वातीनशे-साडेतीनशे वॉटचे ओझे आहे. एकूण प्रवाह दहा अँपिअरच्या घरात जातो. साडेतीन अँपिअरसाठी योजलेल्या तारेत तिच्या नेमस्त उष्णतेच्या आठपटींहून अधिक उष्णता निर्माण होऊ लागते. तरीही फ्यूज लगेच जात नाही, आणि येथेच सामान्य माणूस फसतो. चिनी मातीच्या फ्यूजमधली पाच अँपिअरची तार पाच अँपिअरला वितळत नाही. ती वितळण्यास साधारणपणे त्याच्या दुप्पट प्रवाह लागतो आणि तोही काही काळ. म्हणून पंगत बसेपर्यंत सारे सुरळीत चालते, आणि नेमक्या सीमांतपूजनाच्या वेळी वरचा मजला अंधारात बुडतो. मग कोणीतरी हौशी माणूस टॉर्च घेऊन बोर्डापाशी जातो, जुन्या तारेच्या जागी तीच तार तीन पदरी पिळून घालतो, किंवा कोठल्याशा केबलमधून सुटी केलेली एक सळी वापरतो, आणि दिवे पुन्हा लागतात. लोक त्याची पाठ थोपटतात. प्रत्यक्षात त्याने हद्दीवरच्या एकमेव अंमलदाराला बडतर्फ केलेले असते. यापुढे जे वितळावयाचे ते भिंतीतल्या तारेचे रबर.

जाणता मिस्त्री हेच काम दुसऱ्या क्रमाने करतो, आणि त्या क्रमाला साठ-सत्तर वर्षांची परंपरा आहे. तो आधी मेन बंद करतो आणि गेलेला फ्यूज हातात घेऊन उजेडात फिरवून पाहतो. चिनी मातीवर काळा-रुपेरी शिंतोडा उडालेला असेल आणि तारेचा मागमूस उरला नसेल, तर कोठेतरी फेज आणि न्यूट्रल भिडले आहेत; तार मध्येच तुटून दोन्ही टोकांना बारीक मणी धरला असेल, तर ती ओझ्याने हळूहळू वितळली आहे. त्यानंतर तो शाखेवरचे सर्व खटके बंद करतो, सर्व प्लग उपसून काढतो, योग्य जाडीची तार घालतो आणि मेन चालू करतो. सारे बंद असता फ्यूज गेला तर दोष भिंतीत आहे. टिकला तर तो एकेक खटका टाकीत जातो. एखादा ठराविक दिवा लावताच क्षणार्धात फ्यूज गेला तर दोष त्या दिव्यात किंवा त्याच्या होल्डरात आहे. सगळे लागल्यावर पाव तास, अर्धा तास गेल्यावर गेला तर दोष कोणत्याच एका वस्तूत नाही, तो बेरजेत आहे. ही बेरीज तो खडूने भिंतीवर करतो, दिव्यांच्या पाठीवर छापलेले वॉट वाचून त्यांची गोळाबेरीज मांडतो आणि दाबाने भागतो. ज्याच्याकडे टाँग टेस्टर असतो तो त्याचा जबडा एकेका तारेभोवती घालून प्रवाह प्रत्यक्ष मोजतो. मग प्लगच्या पितळी पिना पाहतो. त्या निळसर पडल्या असतील, सॉकेटचे प्लॅस्टिक तपकिरी झाले असेल, तर ओझे आजचे नाही, पूर्वीपासूनचे आहे. आणि शेवटी उपाय: हॅलोजनची वाट घरच्या दिव्यांच्या वाटेपासून तोडून ती थेट मुख्य बोर्डापासून, अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने व स्वतंत्र फ्यूजने न्यावयाची, सगळ्या घराचा मंजूर भारच अपुरा असेल तर कंपनीकडून तात्पुरते कनेक्शन घ्यावयाचे, आणि काही झाले तरी रस्त्यावरच्या तारेवर आकडा टाकावयाचा नाही.

पुढे फ्यूजच्या जागी एमसीबी आली. मानहाइमच्या हुगो स्टॉट्झ याच्या कारखान्यात १९२०नंतरच्या काही वर्षांत सिद्ध झालेले हे यंत्र आपल्या मध्यमवर्गीय घरांत स्थिरावण्यास अर्ध्याहून अधिक शतक लागले. त्याच्या पोटात दोन अंमलदार एकत्र नांदतात: एक द्विधातूची पट्टी, जी ओझ्याने सावकाश तापून वाकते, दुसरे चुंबकीय वेटोळे, जे प्रवाहाच्या अकस्मात उसळीला तत्काळ जागते. या दुसऱ्यामुळे एक नवीच तक्रार उद्भवली. हॅलोजनची टंग्स्टन तार थंड असता तिचा अवरोध तापलेल्या अवस्थेच्या दहाव्या-पंधराव्या हिश्श्याइतकाच असतो, म्हणून खटका दाबल्याच्या पहिल्या क्षणी ती कैकपट प्रवाह ओढते. चार दिवे एकाच खटक्याने लावले की एमसीबी पडते, एकामागून एक लावले की पडत नाही; आणि घरातले लोक यंत्राला दोष देतात. येथे मात्र त्यांच्या म्हणण्यात काही तथ्य असू शकते, कारण अशा उसळीसाठी 'सी' जातीची एमसीबी योजावयाची असते आणि बसविणाऱ्याने पुष्कळदा 'बी' जातीची बसविलेली असते. परंतु जात बदलणे निराळे आणि सहाच्या जागी बत्तीस अँपिअरची एमसीबी बसविणे निराळे. दुसरी गोष्ट म्हणजे जुन्या तीन पदरी तारेचीच नवी आवृत्ती होय, फक्त आता ती दिसावयास सुबक असते आणि तिच्यावर मानकाचा शिक्का असतो.

हे सारे लिहिताना ८ डिसेंबर २०१९ची पहाट विसरता येत नाही. बाड्यापासून हाकेच्या अंतरावर, राणी झांशी मार्गालगतच्या अनाज मंडईत, एका इमारतीत चाललेल्या कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेले ४३ मजूर मृत्युमुखी पडले. प्राथमिक तपासात शॉर्टसर्किटचे कारण पुढे आले. त्या एका इमारतीत नेमके काय घडले याचा निवाडा न्यायासनाचा. परंतु दिल्लीतल्या अशा शेकडो इमारतींची घडण सर्वांना ठाऊक आहे. मालक एक, त्याने मजले भाड्याने दिलेले अनेक. भाडेकरूने यंत्रे आणि दिवे वाढविलेले, मिस्त्रीने सांगितले तेवढे जोडून मजुरी घेतलेली, आणि कंपनीने मीटरचा आकडा वाचून बिल पाठविलेले. भिंतीतली तार यांपैकी कोणाच्याच ताब्यात नसते. टेकडीवरच्या बंगल्यात तार सरकारी बांधकाम खात्याच्या जिम्म्यात होती, म्हणून ती वेळेवर बदलली जात असे. टेकडीखाली तिचा कोणी वाली नव्हता, आणि विजेने होणाऱ्या आगींच्या भूगोलात हाच भेद पदोपदी उमटलेला दिसतो.

आज एलईडीने दिव्यांच्या शाखेवरचे ओझे खरोखरच उतरविले आहे. २०१५ साली सुरू झालेल्या उजाला योजनेनंतर नऊ वॉटचा दिवा साठ वॉटच्या दिव्याच्या जागी घरोघर बसला, आणि मांडवातले काम ५०० वॉटच्या हॅलोजनऐवजी त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढ्या वॉटच्या एलईडी फ्लडलाइटने भागते. परंतु दिव्यांनी मोकळी केलेली जागा गीझर, वातानुकूलन यंत्रे आणि मांडवातले मोठे ध्वनिवर्धक यांनी केव्हाच व्यापली, आणि तार मात्र पुष्कळ घरांत आजोबांच्या काळचीच राहिली.

ही स्थिती कायद्याच्या अभावी झाली असे म्हणण्यासही जागा नाही. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांत स्पष्ट लिहिलेले होते की पुरवठा चालू झाल्यानंतरही ग्राहकाच्या जागेतील तारांची तपासणी आणि चाचणी निरीक्षकाने किंवा पुरवठादाराने जास्तीत जास्त पाच वर्षांनी एकदा करावी. नवे कनेक्शन घेताना परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल मागितला जाई, तो आजही मागितला जातो. पाच वर्षांनी होणाऱ्या फेरतपासणीचा अंमल मात्र राहत्या घरांत क्वचितच कोणी पाहिला. ज्या शहरात पुरवठ्याची मालकी अर्धा डझन वेळा बदलली, तेथे प्रत्येक नव्या धन्याने वसुली, मीटर आणि चोरी यांकडे बारकाईने लक्ष दिले, आणि भिंतीतल्या तारेचा प्रश्न ग्राहकाचा म्हणून बाजूस सारला. ग्राहकाने तो मिस्त्रीवर टाकला, मिस्त्रीने फ्यूजवर. भाडेकरार नवा होताना, मंजूर भार वाढवून मागताना, किंवा घर विकताना नवा चाचणी अहवाल सक्तीचा केला, तर हा जिम्मा प्रथमच एखाद्या जबाबदार माणसाच्या नावावर लिहिला जाईल. त्यासाठी नवे यंत्र शोधावयास नको, नवा कायदाही बहुधा नको. सत्तर वर्षांपूर्वी लिहिलेले एक कलम शब्दशः पाळले तरी पुरे.